पत्र्याच्या शेडमधला गारवा

टेबलाखालचे तांब्याच्या तारेचे तुकडे मी रोज झाडून काढते आणि रोज नवे सापडतात. कुठून येतात कोण जाणे! आमच्या दुकानातल्या किश्शांचंही तसंच आहे. एक सांगून संपवावा, तर कोपऱ्यातून दुसरा निघतो.

दुकान म्हणजे वडवणीत आमच्या घराला लागून असलेली पत्र्याची शेड. बांधली होती कारसाठी. कार काही आली नाही, मोटारी आल्या! विहिरीवरच्या, बोअरच्या, सगळ्या जळालेल्या. आमचे हे त्यांची जळकी तार काढून नवी भरतात.

मागच्या उन्हाळ्यात काम करता करता ह्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी मलाच दम भरला, "ताई, पुन्हा असं झालं तर उन्हाळाभर दुकान बंद. कळलं?"

आता मोटारी जळतात त्या उन्हाळ्यातच. विहिरीचं पाणी खाली जातं, व्होल्टेज मिळत नाही, मोटार कोरडी फिरते. हे म्हणाले, "उन्हाळ्यात बंद ठिवायचं, मग दिवाळीत काय फटाके विकू?"

म्हणून शेड गार करायची, असं ठरलं. मी दहावी शिकलेली. पण ही शेड एवढी तापते कशी, या प्रश्नानं मला जे धरलं ते धरलंच.

*

पहिल्यांदा फॅन. मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात चालू फॅन नाही, हे गिऱ्हाइकांना खरंच वाटत नसे. होता हो! पण कुणी म्हातारं माणूस आपला जळका फॅन घेऊन आलं, की हे आमचा चालू फॅन काढून त्याला देणार. "तुमचा दुरुस्त होईपर्यंत हा न्या." मग त्याचा जळका फॅन आमच्या छताला!

एका उन्हाळ्यात आमच्या छताला पाच फॅन लागून गेले. फिरला एकही नाही.

*

मग मी दाराला ओली बारदानं बांधली. तासातासाला पाणी मारायचं. वाऱ्याची झुळूक आली की काय गारवा! हे खूश, मी खूश.

दुसऱ्या दिवशी नवी भरलेली मोटार ह्यांनी तपासली, तर तिच्यात ओल! ती पुन्हा मागच्या कोपऱ्यातल्या कपाटात घालून वाळवावी लागली. तिच्यामागे आणखी दोन.

"अगं, मला गार करायचं का मोटारीला?" हे म्हणाले.

बारदानं सोडली.

*

पुढं पत्र्यावर कडबा अंथरला. ही कल्पना माझी आणि खरंच चांगली होती. शेडच्या मागं उंच बांध आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी डोक्यावर धाड धाड आवाज. हे टेबलाखालीच बसले. "गारा पडायल्यात का काय?"

बाहेर येऊन बघते, तर बापू धनगरांच्या शेळ्या बांधावरून थेट आमच्या पत्र्यावर! बापू मोटार टाकायला आले होते. खाली लिंबाखाली बसून निवांत तंबाखू मळत होते.

"बापू, शेळ्या आमचा कडबा खायल्यात!"

बापूंनी वर पाहिलं. "खाऊ द्या की वैनी. कडब्यापरीस शेळीची सावली लई दाट असती."

*

नंतर पत्र्याला चुना मारला. पांढराशुभ्र! येणारा जाणारा विचारी, "लग्न कोणाचं हाय?" शेडमध्ये फरक पडला, पण पत्र्याची चमक शेजारच्या मंदाताईंच्या गच्चीवर जाऊ लागली. मंदाताई तरातरा आल्या. मला वाटलं, आता भांडण.

"पत्र्याला काय लावलंस गं? माझ्या कुरडया एका दिवसात खडखडीत वाळल्या!"

"चुना, ताई."

"मग त्या अंगाला कावून न्हाई लावला? तिकडं माझ्या पापड्या हायत्या!"

*

फरक पडला म्हणजे नेमका किती, हे कळावं म्हणून मी आठवडी बाजारातून भिंतीवरचं थर्मामीटर आणलं. तिथंच चूक झाली. आधी जे गिऱ्हाईक तासभर गप्पा मारी, ते आता आकडा वाचून "आरं बाप रे, बेचाळीस!" म्हणत घाम पुसू लागलं. आकडा वाचला, की माणूस लगेच पाणी मागी. माझे दोन माठ पुरेनात.

शेवटी ह्यांनी थर्मामीटर भिंतीकडं तोंड करून टांगलं. "आता बरं वाटायलंय," म्हणाले.

मला मात्र बरं वाटेना. दुपारी टेबलाला हात टेकून ह्यांना उभं राहिलेलं मी पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "काही न्हाई, तार मोजतोय." हातात तार नव्हती.

*

त्याच दुपारी मी थर्मामीटर काढलं आणि शेडभर घेऊन फिरले. दारात चाळीस. टेबलापाशी बेचाळीस. मागच्या कोपऱ्याकडं निघाले, तसा पारा चढायला लागला. चव्वेचाळीस, सेहेचाळीस... कोपऱ्यात ह्यांचं ते मोटारी वाळवायचं जुनं लोखंडी कपाट, मी कधी न उघडलेलं. त्याला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

दार उघडलं. आत वार्निश लावलेल्या मोटारी वाळत ठेवलेल्या आणि दोनदोनशे वॅटचे चार बल्ब रखरखत होते!

"हे कधीपासून चालू आहे?"

"सकाळी दुकान उघडलं की लावतो. वार्निश वाळाय नको?"

"रोज?"

"दुकान काढल्यापासून."

मी कपाटाकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं. हे वर पत्र्याकडं बघत होते.

मंदाताईंच्या दोन पुतण्यांना हाक मारली आणि चौघांनी मिळून कपाट उचलून अंगणात ठेवलं. बल्बची वायर खिडकीतून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलापाशी पारा सदतीस! हे चारपर्यंत एका जागी बसून काम करत होते आणि चहा मागायला स्वतः उठून आत आले. चालताना कुठं हात टेकला नाही. मी चहात साखर जरा जास्तच घातली.

तेवढ्यात बापू मोटार न्यायला आले. अंगणात रणरणतं ऊन. बापू कपाटापाशी थबकले, दार किलकिलं करून आत डोकावले, मग डोळ्यांवर हात धरून आभाळाकडं बघितलं.

"मालक," बापू म्हणाले, "एवढ्या उन्हात मोटारी वाळाय ठिवल्या, ते बेस झालं. पण आत दिवा कावून लावला?"

ह्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला.

"बापू," हे म्हणाले, "तुमची मोटार तयार हाय. घेऊन जावा."