स्क्रूचे दोन आटे

दत्ताराम गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या मुलीचा फोन होता. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली. माहीमच्या घरात रिसीव्हर धरून मी उभा होतो, आणि सांगायला लाज वाटते, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता सांगायला नको. रडू नंतर आलं.

लालबागच्या चाळीत आम्ही शेजारी. तो गिरणीत फिटर, मी कारकून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरगावच्या छापखान्यातून पत्रकं आणून घोडपदेवपर्यंत चाळीचाळीत पोहोचवायचं काम आमच्याकडे होतं. त्यासाठी दत्तारामनं जुन्या बाजारातून एक छोटं इंजिन आणून सायकलवर बसवलं. पण सायकल थांबली की इंजिनही बंद पडे, आणि प्रत्येक चाळीपाशी पुन्हा पेडल मारत बसावं लागे. म्हणून त्यानं हाताचा क्लच जोडला. दांडी ओढली की इंजिन चाकापासून सुटे आणि सायकल उभी असली तरी मंद चालत राही. त्याची आई कौतुकानं म्हणायची, "माज्या झिलाची सायकल उभी रवान पण बडबडता!"

एकदा त्याची दुसरी पाळी होती, म्हणून त्यानं सायकल मला दिली. "वश्या, थांबल्यावर बंद पडायला लागली तर क्लचची केबल ताण. केबल सैल झाली की क्लच पुरता सुटत नाही, मग इंजिन गुदमरतं. कार्बोरेटरच्या स्क्रूला मात्र हात लावू नको."

"कळलं रे," मी म्हणालो.

तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा परळच्या नाक्यावर; समोर पोलिसांची गाडी उभी, मागे कॅरिअरवर पत्रकांचा गठ्ठा. पाना काढून केबल ताणायचा धीर मला नव्हता. मी स्क्रू दोन आटे आत फिरवला. इंजिन जोरात घुमू लागलं, बंद पडायचं थांबलं. सायकल परत देताना त्यानं विचारलं, "त्रास दिला काय?"

"छे, एकदम झकास!" तो नको म्हणाला होता तेच केलं, हे सांगायला जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी तो घाईत निघाला. करी रोडला समोर हातगाडी आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला, क्लच ओढला. पण अर्धवट सुटलेला क्लच आणि घुमणारं इंजिन... सायकल पुढे ढकललीच गेली. उजवं मनगट हातगाडीच्या चाकात चिरडलं. इस्पितळात तो सगळ्यांना सांगत होता, "माझंच चुकलं. निघताना बघायला हवं होतं." मी मोसंब्यांची पिशवी धरून खाटेच्या पायाशी उभा होतो.

त्या हातात पुन्हा कानस धरता आली नाही. गिरणीनं त्याला गेटवर बसवलं. ज्याच्या बोटांना यंत्राचं दुखणं कळे, तो माणूस रिटायर होईपर्यंत दार उघडत आणि लावत राहिला. मी हेडक्लार्क झालो. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्याकडे जायचो. कितीदा सुरुवात केली, "दत्ता, एक सांगायचं होतं..." तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघायचा. मी मुलीच्या परीक्षेचं विचारायचो.

तेराव्यानंतर गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं.

"मला यातलं काही ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आलात की ते मला म्हणायचे, तू जरा आत थांब, वसंताला काहीतरी बोलायचंय. मी आपली स्टोव्हपाशी उभी. चहा उकळून उकळून जायचा, पण त्यांची हाक येईपर्यंत बाहेर यायचं नाही."

त्या घरचा चहा फार कडू असतो, असं मी बायकोला किती वर्षं सांगत आलो होतो...