खुर्चीत कोण आहे?

खुर्ची फडक्याने झटकल्याशिवाय मामा बसायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून तो टेबलभर शोधायचे. मशीनला आज्ञा टाइप केली की हात वर उचलायचे, ओठ हलवत ओळ वाचायचे, मगच एंटर. पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढायचे. संध्याकाळी निघताना स्क्रीनला ‘येतो’ म्हणायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हते. ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणत. मला ते भाचीबाई म्हणायचे. आम्ही ग्रंथालयांसाठी प्रोग्रॅम बनवायचो. प्रोग्रॅम ते लिहायचे. मी साहित्य शिकलेली, म्हणून वाचकाला दिसणाऱ्या सूचना माझ्याकडे. वीस वर्षांत आपल्या नावावर एक चूक नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

वाचकांच्या मुख्य नोंदींना जोडलेलं मशीन एकच होतं, मामांच्या टेबलावरचं; सगळे तेच वापरायचे. म्हणून मामांनी एक छोटी सोय केली होती. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत ‘सोंग’ टाइप करायचं, पुढे आपलं नाव. मग मशीन आपल्याला त्या नावाने ओळखायचं आणि त्या माणसाचेच अधिकार द्यायचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, ते तुझ्या पुस्तकात. इथे नियम एकच. बसलीस की आधी आपलं नाव टाकायचं.

त्या दुपारी ते खाली वॉचमनबरोबर डबा खायला गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. मला सरावासाठी भरलेले खोटे वाचक पुसायचे होते. नाव टाकायला विसरले; मशीनवर अजून मामांचंच नाव होतं. आज्ञा दिली, तीही चुकीच्या नोंदींवर. माझ्या नावावर असते तर मशीनने नकार दिला असता. मी मामा होते. चार ग्रंथालयांचे खरे वाचक गेले.

मला लगेच कळलं. मी ‘सोंग’ टाइप केलं, पुढे माझं नाव. मग उठून पाणी प्यायले.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आज्ञा कोणी दिली याच्या नोंदीत मामांचं नाव होतं आणि वेळ होती एक वाजून वीस मिनिटं. मामांनी वेळ वाचली. ओठ हलले. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत होते.

“नाव माझं आहे ना,” ते म्हणाले. “मग चूक माझी.”

जुन्या प्रतीवरून बरेचसे वाचक परत आले, सगळे नाही. मामांना जिन्याजवळच्या खोलीत फोन घ्यायला बसवलं. मामाच मामा बनले, असा विनोद झाला. मी हसले. इतरांपेक्षा जरा जास्तच हसले असेन.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी गेले की खुर्ची झटकून द्यायचे, काय वाचतेस म्हणायचे. रोज जिना चढताना मी वाक्य जुळवायचे. वर पोचेपर्यंत ते मोडायचं. वाक्यं जुळवणं हेच तर माझं काम होतं. असे पाच महिने गेले.

गेल्या मंगळवारी ते घरीच, बूट घालता घालता गेले.

मामी त्यांचा डबा आणि फडकं न्यायला आल्या. मला म्हणाल्या, “तूच ना भाचीबाई? मी चिडायचे, तर म्हणायचे, थांब, पोरगी आपणहून सांगेल.”

मी तिथेच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फडक्याची घडी घातली. “मला नको,” म्हणाल्या. “त्यांना सांगायचं होतंस.”

साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, आता मामा गेले, राहू दे चूक त्यांच्याच नावावर. मी नाही म्हटलं आणि लिहून दिलं. त्यांनी तो कागद खणात टाकला.

काल मामांची अर्धवट कामं माझ्याकडे आली. त्यात ‘सोंग’ची फाइल होती. शेवटचा बदल मी वाचक पुसले त्याच दिवशीचा, संध्याकाळचा. काही पुसण्याआधी मशीनने थांबून विचारायचं: आत्ता खुर्चीत कोण आहे?

प्रश्न लिहून झाला आहे. उत्तर आल्यावर मशीनने काय करायचं, ती ओळ लिहायची राहिली आहे.