पल्लवीचं ‘सामाईक’

साल २०२५, माझं वय बहात्तर. विहिरीवर मोटर लावली आणि अकोल्याहून फोन आला, पल्लवी तापात गेली. माझ्या धाकट्या भावाची, सुधाकरची पोरगी. तेहतीस वर्षांची. पाणी वाहतच राहिलं... मोटर बंद करायचं सुचलंच नाही.

मी चौथी शिकलेला. पण लिहितो ते खरं लिहितो.

पल्लवी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. आमच्या गावी हिवरखेडला आली की लॅपटॉप घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसायची, रेंज तिथंच यायची. विहीर आम्हा दोघा भावांची सामाईक, पण मोटरच्या पेटीला कुलूप माझं. पाणी पाहिजे तर सुधाकरनं मागावं, आणि तो मागत नव्हता. त्याची संत्र्याची झाडं अर्धी वाळली. सात वर्षं आम्ही बोललो नाही. पोरीच्या मातीलाही दोन बाजूंना उभे राहिलो.

दुपारी झाडाखाली माझा डोळा लागायचा. अर्धवट झोपेत तिच्या काळ्या पडद्यावरची अक्षरं दिसायची, सरीतून पाणी सरकावं तशी सरकत... बोटांचा आवाज वाळली पानं पडल्यासारखा. एकदा पडल्या पडल्या विचारलं, “काय करून राहिली वं?”

“मोठेबाबा, माह्याकडं पाच जागची कामं हायेत. पाचही ठिकाणी तेच ते करा लागते, जुन्याची नक्कल ठेवा, नवं तपासा. ते आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट पाची जागी येगयेगळ्या होत्या. एक चूक सापडली, चार जागी सुधारली, पाचवी इसरली. आता साऱ्या एकाच फोल्डरात. पाचही कामं तिथूनच घेतात.”

“मंग एक बिघडलं त पाचही बसतीन.”

“बसतीन ना! म्हणून त बदलाच्या आंधी साऱ्याइले सांगा लागते. फोल्डरले नाव काय देऊ?”

“सामाईक दे. भांडणाचं दुसरं नाव.”

ती हसली. “भांडण कावून होते, मोठेबाबा? तुमी सांगत नाई कोणाले, म्हणून.”

मला राग आला. त्या दिवशी तिला संत्रंसुद्धा दिलं नाही. ते आता आठवतं.

तीन आठवड्यांनी तिच्यासोबत काम करणारी स्नेहा लॅपटॉप न्यायला आली. रेंजसाठी तीही कठड्यावर त्याच जागी बसली. म्हणाली, “काका, पाचही कामं चालू आहेत. पल्लवीच्याच फोल्डरातून.” मला खरं वाटेना. तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. मी एकेक अक्षर लावून वाचलं. वर नाव, सामाईक. खाली कोण कोण वापरतं, ती पाच नावं. त्याखाली: ‘मी नसले तरी कोणीही दुरुस्त करावं. फक्त आधी सांगावं. मोठेबाबांच्या विहिरीवर बसून लिहिलं.’

विहीर नुसती मोठेबाबांची नव्हती... पोरीनं तरी ‘मोठेबाबांच्या’ असंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीचं कुलूप काढलं, खिशात घातलं, आणि सात वर्षांनी सुधाकरच्या दारात जाऊन उभा राहिलो. मोटर लावायच्या आधी सांगितलं, “सुधा, पाणी सोडून राहिलो. पयले तुया झाडाइले.”