साहेबांसाठी मरळ

आमच्या कोर्टासमोर ती मासे विकते. घासाघीस करणाऱ्याशी ती बोलत नाही, त्याच्या हातातला मासा काढून परत टोपलीत टाकते. बोलली, की रस्त्यापलीकडे कोर्टात ऐकू जातं.

तलावाच्या ठेक्याच्या दाव्यात ती साक्षीला उभी राहिली, तेव्हा न्यायाधीश नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आधी आंघोळ करून या." वकील खिदळले. मी तिथेच होतो. तिने आणि मी मिळून वरच्या कोर्टाकडे त्यांची तक्रार केली, शपथपत्रं जोडली. अरे, वाघाने शेळी नेली तरी वनखातं पंचनाम्याला येतं! आम्हाला कुणी एक शब्द विचारला नाही. वर्षभराने उत्तर आलं: तक्रार पाहिली, कारवाईची गरज नाही. कारण दिलंच नव्हतं. मी संतापलो. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, अजून एकदा वाचा जी."

परवा त्याच न्यायाधीशसाहेबांचा शिपाई पिशवी घेऊन आला. "बाई, साहेबाले मरळ पायजे."

तिने टोपलीवर ओलं पोतं ओढलं. "मागणी पाह्यली. द्याची गरज नाई."

"काऊन?"

तिने तोंड कोर्टाकडे वळवलं आणि ओरडली, "कारण सांगत नसतेत!"