शेवटच्या पानापासून

दत्तूमामा गेल्याचं मला मल्लय्यांनी कळवलं, घरच्यांच्याही आधी. मल्लय्या म्हणजे जहिराबादकडच्या आमच्या गावातले शेतकरी, आमच्या शेताच्या वरच्या अंगाला त्यांची जमीन. दर रविवारी सकाळी मामा त्यांना फोन करायचा, आधी "पाणी शेवटपर्यंत पोचलं का?" असं विचारायचा आणि मग तब्येतपाण्याकडे वळायचा. त्या रविवारी फोन आला नाही म्हणून त्यांनीच मामाच्या नामपल्लीच्या घरी लावला. तो मामाच्या मुलानं, सुनीलनं उचलला... आणि थोड्या वेळानं मल्लय्यांचा मला फोन. "मामा गये, बेटा," एवढंच म्हणाले. मी भाजीला निघाले होते. पिशवी हातात धरून तशीच दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले.

मामाचं सिकंदराबादला पंप आणि पाइपचं दुकान होतं. आई-बाबा गावी शेती करायचे आणि मी कॉलेजसाठी मामाकडे राहायचे. नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाजार खुला झाला होता, दुकानात रोज नव्या कंपनीचा माणूस गुळगुळीत कागदावरची चित्रं घेऊन यायचा आणि जुन्या पंपांची जागा बोअरमध्ये खोल सोडायच्या चकचकीत सबमर्सिबल पंपांनी घेतली होती. हप्त्यानं मिळतात म्हटल्यावर गावोगावचे लोक ते घेऊन जात होते. मामानं स्कूटर बदलली, मामीला कंगन केले. धंद्याला तो पक्का होता, उगाच साधुसंत करून सांगण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक एका पंपासाठी आलं तर तो त्याला वर दोन व्हॉल्व्ह चिकटवून पाठवायचा.

पाऊस मात्र तेव्हाच बिनसायला लागला होता. हवामान बदल हा शब्द आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हता. बाबा म्हणायचे, पाऊस येडा झालाय. पेरणीला बरा पडायचा आणि नेमका कणसात दाणा भरायच्या वेळी दडी मारायचा. तेवढ्यात एखाददुसरं पाणी मिळालं तर पीक हातात यायचं, नाही तर नुसता कडबा. मग ज्यानं त्यानं बोअर मारली. एकाची खोल गेली की शेजाऱ्याची आटायची, मग शेजारी त्याहून खोल जायचा. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण आपण थांबलो तर दुसरा उपसून नेईल ही भीती जास्त होती.

मल्लय्यांनी खोल बोअर मारली, मोठा पंप बसवला आणि उन्हाळी भात लावला. त्या वर्षी खालच्या टोकाला असलेल्या आमच्या बोअरमधून पाण्याऐवजी हवा यायला लागली. पुन्हा खोल जायची बाबांची ऐपत नव्हती. ते शहरात, अफझलगंजच्या बाजारात एका आडत्याकडे कामाची चौकशी करू लागले. शेत विकायचं आणि शहरात यायचं, असं घरात जवळजवळ ठरल्यासारखं झालं होतं. एके दिवशी आई तडक सिकंदराबादच्या दुकानात आली. मी तेव्हा तिथंच होते. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दत्तू, मल्लय्याच्या शेतातला पंप तुझ्याच दुकानातला ना?"

"हो, आक्का."

"मग आमच्या बोअरचं पाणी तूच विकलंस."

एरवी जेवताना मामीची चेष्टा केल्याशिवाय मामाला घास उतरत नसे, पण त्या दिवशी मुकाट्यानं जेवून उठला. दुसऱ्या दिवशी दुकान नोकरावर सोपवून गावी निघाला. मला म्हणाला, चल, तू इकॉनॉमिक्स शिकतेस ना. माझा तिथं काडीचा उपयोग झाला नाही हा भाग वेगळा.

मल्लय्यांच्या ओसरीवर तो तासन्‌तास बसला. त्याचं म्हणणं साधं होतं. दोघंही खोल जात राहिलात तर दोघांचाही पैसा मातीत जाईल. त्यापेक्षा तुमची एकच बोअर चालवा, तुमच्यापासून खालच्या टोकापर्यंतच्या चारही शेतांतून एक पाइप न्या. उन्हाळी भात नको, ज्वारी, तूर, भुईमूग घ्या आणि पावसानं दडी मारली की चौघांना एकेक पाणी द्या. बदल्यात बाकीचे तिघं नवी बोअर मारणार नाहीत, म्हणजे तुमची टिकेल. मल्लय्यांना हे पटत होतं. अडलं ते एकाच गोष्टीवर. बोअर माझी, तेव्हा पाणी आधी माझ्या शेताला, असं ते म्हणाले. मामा म्हणाला, नाही, आधी शेवटच्या शेताला.

आता हे मामाचं जुनं वेड. घरी पंगत बसली की तो शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात करायचा. पुढं माझ्या लग्नात पुण्याची मंडळी अग्रभागी बसली होती आणि हा पठ्ठ्या मिठाची वाटी घेऊन थेट टोकाला, बसच्या ड्रायव्हरपाशी. विहीणबाईंचं पान कोरडं बघून मामीला घाम फुटला होता! कोणी कारण विचारलं तर म्हणायचा, वाढपी टोकापासून निघाला की मधलं कोणी सुटत नाही. मल्लय्यांना त्यानं तेच सांगितलं. पाणी टोकाला पोचायचं तर ते सगळ्यांच्या शेतातून जाणार, म्हणजे पाइप कुठं गळला तर चौघंही धावतील. आधी जवळच्यांनी पिऊन घेतलं तर पुढचा पाइप फुटला काय, राहिला काय, कोणाला पडलीय?

"और मेरा क्या?" मल्लय्यांनी विचारलं.

"खाने की डेग तुम्हारे हात में है," मामा म्हणाला. "तुम कायकू भूके रैंगे?"

मल्लय्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, टोकापर्यंत पाणी पोचलं नाही तर? मामानं सांगितलं, पैसे देऊन पंप परत घेऊन जाईन. पंप परत घेणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा... ते हसले आणि हो म्हणाले.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस गायब झाला. मल्लय्यांनी पंप सुरू केला. त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी त्यांच्याच उभ्या ज्वारीतून पुढं गेलं, आणि मधल्या शेतात एका जोडावर फुर्रकन उडालं. सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन सगळ्यात आधी मल्लय्याच धावले. चिखलात बसून त्यांनी जोड आवळला, कारण टोकाचं झाल्याशिवाय त्यांचा नंबर लागणार नव्हता. आमच्या शेतात व्हॉल्व्हपाशी आई उभी होती. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. आईनं त्याखाली हात धरला आणि रडायला लागली. मामा उगाचच दुसऱ्या व्हॉल्व्हची चकती फिरवून बघत राहिला.

बाबा पुन्हा अफझलगंजला गेले ते ज्वारी विकायला. मामाचे पंप त्या भागात कमी खपू लागले, पण आसपासच्या गावांतून पाइप न्यायला लोक येऊ लागले आणि त्यातही त्यानं फायदा काढलाच. आज मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. लहान शेतकऱ्यानं बदलत्या हवामानाशी जुळवून कसं घ्यायचं, त्याचा भार कोणी उचलायचा, यावर तासभर सहज बोलते. पाऊस आता तेव्हापेक्षा जास्त बिनसला आहे. तरीही मला पूर्ण निराश होता येत नाही, कारण तो पाइप अजून चालू आहे. मधे दोनदा बदलला, एवढंच.

तेराव्याला गावाहून सगळे आले. नामपल्लीच्या घरात पंगत बसली. वयानं मोठे म्हणून मल्लय्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी पहिलं पान दिलं होतं. सुनील भाताचं पातेलं घेऊन बाहेर आला. रडून डोळे सुजलेले, त्याचं कशातच लक्ष नव्हतं. तो मल्लय्यांच्या पानावर वाकला. मल्लय्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"नक्को, बाबू," ते म्हणाले. "उधर से."

सुनील थबकला, मग पातेलं घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडे गेला. तिथं, भिंतीला टेकून, शेवटच्या पानावर आई बसली होती.