सात हात खिडकीआड

ऑरिला बेसेट आमच्या वेस्ट हार्लो गावाची एकोणतीस वर्षं खजिनदार होती. दर मार्चमध्ये, रस्ते चिखलानं भरलेले असताना, गावसभेत तिचं नाव पुकारलं जाई. विरोधात कुणी उभं राहत नसे. लोक ‘हो’ म्हणत, ती उजवा हात वर करून शपथ घेई आणि पुन्हा स्वयंपाकघरात येई. सभेचं जेवण आम्ही सात जणी रांधत असू, आणि हॅम कापायची सुरी ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये वाढपाची एक खिडकी आहे. आम्ही तिथूनच सभा ऐकायचो, तिथूनच मत द्यायचो. सभापती एल्विन पुटनी आधी बाकांवरचे हात मोजत, मग खिडकीकडे वळत. आम्ही पळ्या, फडकी, जे हातात असेल त्यासकट हात वर करायचो. "पळीचं एकच मत बरं का," असं ते दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी लोक हसत.

त्या वर्षी अकरावा विषय असा होता : खजिनदार यापुढे गावानं निवडू नये, पाच गावपंचांनी नेमावा. शेजारच्या गावात निवडून आलेल्या एका माणसानं पैसे खाल्ले होते. तेव्हापासून सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकत होती.

पंचप्रमुख कर्टिस हेझन उभा राहिला. "प्रश्न ऑरिलाचा नाही," तो म्हणाला. "पण दात काढायचा तर आपण डॉक्टर निवडून आणतो का? शिकलेला बघून जातो ना?"

"तुझ्या हातात सांडशी देण्यापेक्षा मी दात कुजू देईन, कर्टिस," मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझे उरलेत किती, ते आधी सांग!"

हशा पिकला. ऑरिला हॅम कापत होती. हसणं थांबलं तसं बाकांवरच्या चार-पाच माना हळूच खिडकीकडे वळल्या आणि तिला बघून खाली गेल्या. तिनं सुरी ठेवली, हात पुसले, आणि खिडकीचा शटरसारखा लाकडी पडदा खाली ओढला.

"अगं, काय करतेस?" ग्लेनिस म्हणाली. घेवड्याचं भांडं तिच्या हातात होतं.

"माझ्या तोंडाकडे बघत कुणाला हात वर करायला लागू नये."

"आणि आपली मतं?"

"हाक मारतील ना एल्विन. तो नळ सोड, बशा विसळून होतील."

नळ सुरू होता, बशा वाजत होत्या. बाहेर काय चाललंय ते आम्हाला ऐकू आलं नाही. एल्विननं हात मोजले आणि नेहमीसारखे खिडकीकडे वळले. खिडकी बंद. पुढे ते मला म्हणाले, "मला वाटलं, तिच्याबरोबर काम करता, म्हणून भीड वाटून तुम्ही मत द्यायचं टाळताय. मला ते योग्यच वाटलं." त्यांनी हाक मारली नाही.

आकडा आम्हाला कळला तो ग्लेनिसचा नवरा मागच्या दारानं आत आला तेव्हा. बाजूनं चौसष्ट, विरुद्ध साठ.

आम्ही सात जणी होतो. मग ग्लेनिसनं अ‍ॅप्रन ओरबाडून काढला.

"पुढचा विषय पुकारेपर्यंत फेरमतदान मागता येतं. मी चालले."

ऑरिला दाराशी आडवी उभी राहिली.

"बाजूला हो."

"पडदा मी ओढला, ग्लेनिस. माझ्या चुकीपायी गावानं दोनदा हात वर करायचे?"

"अगं बाई, सात मतं आहेत! सात! तू काय संत आहेस?"

"माझ्यासाठी मीच मत मागायला लावलं, असं होईल."

"होऊ दे की!"

ती हलली नाही. मलाही तिला ढकलता आलं असतं. पलीकडे एल्विनचा आवाज आला : विषय बारावा, बर्फ काढायचं यंत्र.

बाराच्या ठोक्याला तिनं पडदा वर केला आणि वाढायला उभी राहिली. कर्टिस बशी घेऊन आला तेव्हा तिनं त्याला चरबी काढून हॅम दिलं. त्याला चरबी चालत नाही.

ऑरिलाची मुदत हिशेबाच्या वर्षाबरोबर जूनअखेर संपत होती. कर्टिसचा फोन आला : "अर्ज तेवढा कर, ऑरिला. नावापुरता." तिनं केला. शिक्षणाच्या रकान्यात शाळेचं नाव लिहिलं आणि खालच्या चार ओळी मोकळ्या सोडल्या. मुलाखतीला मी तिला गाडीनं घेऊन गेले आणि बाहेर थांबले. वीस मिनिटांत ती परत आली. जागा दुसऱ्याला मिळाली, दोन गावं पलीकडच्या एका हिशेबनिसाला. तो आठवड्यातून दोन दिवस येतो. चोख आहे, असं म्हणतात.

त्या दिवशी मुलाखतीहून परतताना गाडी पुलावर आली.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"ही नोकरी का हवी आहे, असं विचारलं."

"मग?"

"असं कधी कुणी विचारलंच नव्हतं." ती बाहेर बघत होती. "माझ्याच कचेरीत बसले होते पाचही जण. मी टेबलाच्या अलीकडे. कर्टिस म्हणाला, पाणी हवं का? मी हो म्हटलं, तर त्याला पेले सापडेनात. मग मीच सांगितलं, डावीकडच्या कपाटात, खाली."