चार बोटं कोरा कागद

कालिम्पोंगच्या बाजारात चोफेल बाबू दिसला की लोक टोपी काढायचे, आणि तो पुढे गेला की थुंकायचे. दोन्ही त्याने स्वतःच कमावलेलं होतं. टेकडीवरच्या बंगल्यातल्या इंग्रज साहेबाची सगळी तिबेटी पत्रं हा लिहायचा. साहेब म्हणजे सरकारचा वकील, घाटापलीकडच्या लामांशी आणि किल्लेदारांशी बोलणी करायला इथे बसवलेला. त्यात भर म्हणून पंडित. शब्दकोश रचत होता आणि इथलं दिसेल ते मोजून, टिपून लंडनच्या विद्वानांना कळवत होता. डोंगरात कुणी शिंकलं तरी त्यावर याचं लांबलचक पत्र जायचं.

पण पत्राची खरी मेख साहेबाच्या हातात नव्हती, चोफेलच्या हातात होती. आमच्याकडे पत्रात काय लिहिलंय ते मागाहून बघतात, आधी बघतात ते कोरा कागद किती सोडलाय. वर ज्याला पत्र लिहायचं त्याचं नाव, मग कोरी जागा, मग मजकूर. समोरचा जितका मोठा तितकी जागा मोठी, आणि लिहिणारा तितका खाली. ती जागा बोटं आडवी लावून मोजतात.

या कोऱ्या जागेवर चोफेलने जन्म काढला. माणूस भेटला की तो त्याच्या तोंडाकडे बघतच नसे, मनातल्या मनात त्याला बोटं लावत असे. काझीला, म्हणजे इथल्या जमीनदाराला, सहा बोटं. मठाच्या मोठ्या लामाला अर्धं पान. लोकरीच्या व्यापाऱ्याला अर्धं बोट, तेही सणासुदीला. हे तो चहा पिता पिता मोठ्याने सांगायचा आणि ऐकणाऱ्यांत तो व्यापारी बसलेला असला तर जास्तच मोठ्याने. स्वतःचा बाप मठातल्या दिव्यांत लोणी घालायच्या कामावर होता, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. कालिम्पोंगभर ते ठाऊक होतं.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी पेमकित एका खेचरवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. गोम्पू त्याचं नाव. घाट चढून जायचा, लोकर घेऊन यायचा, कमी बोलायचा. लग्नाला चोफेल आला, दोघांच्या गळ्यात पांढरा रेशमी खादा घातला आणि बाजरीच्या छांगला तोंडही न लावता निघून गेला. पुढे कुणी जावयाची चौकशी केली की म्हणायचा, "खेचरांत असेल. गळ्यात घंटा नसलेला तो आपला जावई."

त्या वर्षी पानगळीला साहेबाला घाटापलीकडच्या एका मठातून जुन्या पोथ्यांची पेटी मिळाली. ती आणायला गोम्पूची खेचरं ठरली. येताना तागमा किल्ल्यावर किल्लेदार तोब्ग्यालने त्याला अडवलं. परवाना नसताना पोथ्या देशाबाहेर चालवल्या म्हणून पेटी कोठारात गेली आणि गोम्पू कोठडीत. त्याच्या मानेभोवती जाड लाकडाची चौकोनी फळी ठोकली. ती फळी घालून तिथला हिवाळा काढलेला माणूस आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. आणि घाटावर बर्फ पडायला आता फार वेळ नव्हता.

पेमकित बापाच्या दारात येऊन उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"अपा, साहेब पत्र धाडतोय म्हणे."

"धाडतोय. पेटीसाठी."

"पेटीसाठी धाडू दे, नाहीतर त्याच्या कुत्र्यासाठी धाडू दे. माझा माणूस सुटला पाहिजे. तुम्ही नीट लिहाल ना?"

"मला लिहायला शिकवतेस?" चोफेल म्हणाला. "जा, चूल बघ तुझी."

साहेबाने मजकूर सांगितला. पेटी, पेटीतल्या पोथ्या, त्या पोथ्यांचं मोल, सरकारचा स्नेह, पुन्हा पेटी. शेवटी आठवण झाल्यासारखं म्हणाला, "आणि हो, तो माणूसही." चोफेलने बोरू हातात घेतला. किल्लेदाराला आठ बोटं द्यायची, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. नाव लिहून झालं, आणि त्याच्या नाकाला लोण्याचा वास आला. या तोब्ग्यालचा बाप ग्यान्त्सेच्या बाजारात दारोदार लोणी विकत हिंडायचा, असं लोक म्हणत. काल किल्ला मिळाला म्हणून आज मी याला आठ बोटं देऊ? त्याने हात आडवा ठेवला, चार बोटं मोजली आणि खाली मजकूर सुरू केला. काझीच्या कारभाऱ्याला देतात तेवढी. फाशी देणारा क्षणभर थांबला असता, हा थांबला नाही.

साहेबाने चष्मा चढवून एकेक अक्षर तपासलं, एक मात्रा दुरुस्त केली आणि सही ठोकली. याच साहेबाने या कोऱ्या जागेच्या रिवाजावर मोठा निबंध लिहून लंडनला पाठवला होता. कुणाला किती बोटं, ते पट्टीने मोजून तक्त्यात मांडलं होतं. तिकडे त्याची वाहवा झाली. पण स्वतः सही केलेल्या पत्रात किती जागा आहे, ते त्याने बघितलं नाही. विद्वत्ता निबंधात खर्च झाली, घरी वापरायला उरली नाही.

पत्र मानाचा खादा गुंडाळून गेलं आणि खादा घेऊनच परत आलं. उत्तर नाही, चिठ्ठी नाही. खादा परत येणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबाला त्यात चीनचा हात दिसला. ल्हासातल्या चिनी अंमलदाराचं कारस्थान, किल्लेदाराला आलेली फूस, सरहद्दीवरचा वाढता धोका, असं बरंच काही त्याने कलकत्त्याला लिहिलं. दुपारभर तो खोलीत येरझाऱ्या घालत चोफेलला विचारत होता, "चीनच असणार, नाही का बाबू?" आणि चोफेल म्हणत होता, "चीनच, साहेब." जावयाची मान फळीत, आणि हा मूग गिळून बसला होता. असल्या माणसाला लोक टोपी काढायचे.

चार दिवसांनी शेवटचे खेचरवाले घाट उतरले. त्यांच्याकडून पेमकितला कळलं ते असं: किल्लेदाराने पत्र उघडलं, वाचलंच नाही. चारचौघांत त्यावर बोटं ठेवून दाखवली आणि घडी घालायला सांगितली. पेमकित तशीच बापाकडे आली.

"ते पत्र दाखवा."

"तुला वाचता येतं का?"

"मोजता येतं."

ते समोरच पडलं होतं. तिने उचललं, नावाखाली आपला हात आडवा ठेवला आणि तसाच ठेवून बापाकडे बघितलं. लहानपणी याच माणसाने तिला मांडीवर घेऊन कागदावर बोटं मोजायला शिकवलं होतं.

"साडेचार," ती म्हणाली. "माझी बारीक आहेत, तुमची चार भरतील. माझ्या माणसाचा जीव तुम्ही चार बोटांत बसवलात, अपा."

"तो लोणीवाल्याचा पोरगा आहे."

"तुम्ही कुणाचे?"

चोफेलने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, साहेबाला सांगून दुसरं पत्र लिहितो. तो बंगल्यावर गेला आणि तोंडात मारल्यासारखा परत आला. परत आलेल्या पत्रावर पुन्हा पत्र लिहिणं सरकारच्या इभ्रतीला शोभत नाही, कलकत्त्याचा हुकूम येईपर्यंत थांबायचं, असं साहेब म्हणाला होता. हुकूम वसंतात आला असता. गोम्पूला तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

"मग तुम्ही लिहा," पेमकित म्हणाली. "तुमच्या नावाने. सासरा म्हणून."

"मी? त्याला?"

ती उंबऱ्यावर बसून राहिली. चोफेलने चहा केला, तिने घेतला नाही. आयुष्यभर तो दुसऱ्यांची पत्रं लिहीत आला होता. काझींची, लामांची, साहेबाची. स्वतःच्या नावाने वर बघून लिहायची पाळी कधी आली नव्हती. अखेर त्याने मोठ्यात मोठा कागद काढला. वर तोब्ग्यालचं नाव सगळ्या पदव्यांसकट लिहिलं. मग हात आडवा ठेवला, त्याखाली दुसरा, त्याखाली पुन्हा पहिला, असं करत कागदाच्या पार खालच्या काठाशी आला. तिथे, भिकारी लिहितो त्या जागी, त्याने दोन ओळी दाटीवाटीने बसवल्या. पेमकितने वाकून बघितलं आणि आपल्या लग्नातला खादा काढून दिला. घाट उतरलेल्या खेचरवाल्यांतलाच एक जण ते घेऊन पुन्हा वर चढला.

बर्फ पडायच्या आदल्या दिवशी गोम्पू घाट उतरला. मान फळीने सोलली होती, एक कान थंडीने गेला होता, पण आपल्या पायांनी चालत आला. त्याच्याजवळ चोफेलच्या नावाची चिठ्ठी होती. चहाच्या ओझ्याला गुंडाळतात तसल्या कागदाचा तुकडा. कोरी जागा नावालाही नव्हती. वरच्या काठाला चिकटून 'चोफेल', ना बाबू, ना नावामागचा मानाचा 'ला', आणि लागलीच पुढे: 'तुझा जावई घे. पेटी इथेच राहील.'

"तुमचं पत्र त्यांनी कचेरीच्या भिंतीला लावलंय," गोम्पू म्हणाला. "येणारा जाणारा बघतो. सगळे मला विचारत होते, इतका मोठा कागद, यात तुझा सासरा कुठाय? मी खाली बोट दाखवायचो."

ते ऐकून साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः चोफेलच्या घरी आला. पेटी गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर होतं, पण चिठ्ठी हातात पडताच ते पुसलं गेलं. खालच्यात खालच्या माणसाला कसं लिहितात, त्याचा अस्सल नमुना त्याच्या संग्रहात नव्हता. लंडनला धाडायला हवा. त्याने खिशातून पट्टी काढली, लावली, पुन्हा लावली.

"किती बोटं म्हणायची, बाबू?"

"एकही नाही, साहेब."

साहेबाने ते लिहून घेतलं. मग पेमकितने चहा ओतला, आधी गोम्पूला, मग साहेबाला, आणि किटलीत उरला तो बापाला.